वळिवडेबद्दल माझी एक चूक, आणि छावणीतून परतलेली माणसं कशी लिहितात

(या भागाचा लिखित मजकूर. बोलताना आलेले ‘अं’ आणि ‘म्हणजे’ बरेचसे काढले आहेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

आजच्या भागाची सुरुवात एका दुरुस्तीने करतोय.

दोन भागांपूर्वी मी गांधीनगरबद्दल बोललो होतो. सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात ज्यांच्या घरी लग्न झालंय, त्यांना गांधीनगर वेगळं सांगायला नको. बस्ता बांधायला निम्मा महाराष्ट्र तिथे जातो. त्या भागात मी सांगितलं होतं, की या बाजारपेठेच्या जागी दुसऱ्या महायुद्धात वळिवडेचा कॅम्प होता आणि तिथे पाच हजारांच्या आसपास पोलिश लोक राहत होते. इथवर बरोबर होतं. पुढे मी ठोकून दिलं, “हिटलरच्या छळछावण्यांतून सुटून आलेले.”

दुसऱ्या दिवशी सांगलीच्या एका निवृत्त शिक्षिकांचा मेल आला. तीनच ओळींचा. लिहिलं होतं, “ते लोक हिटलरच्या छावणीतून आलेले नव्हते. स्टॅलिनच्या रशियातून आले होते. एवढं सोसलेल्या माणसांचा छळ करणारा तरी बरोबर सांगा.”

खरं सांगतो, मला आधी रागच आला. काय फरक पडतो, असं वाटलं. मी ते एका रीलमध्ये ऐकलं होतं आणि तपासलं नव्हतं. पण तिसरी ओळ डोक्यातून जाईना. म्हणून मग गेला दीड महिना ऑफिस सुटल्यावर हेच वाचतोय. छावणीतून परतलेली माणसं स्वतः काय लिहितात, कसं लिहितात, आणि आपण ते कसं वाचतो. आजचा भाग त्यावर.

आधी दुरुस्ती

सप्टेंबर १९३९ मध्ये पोलंडवर दोन बाजूंनी हल्ला झाला. १ तारखेला पश्चिमेकडून जर्मनीने, आणि १७ तारखेला पूर्वेकडून सोव्हिएत रशियाने. पूर्व पोलंड रशियाच्या ताब्यात गेला. फेब्रुवारी १९४० पासून तिथल्या कुटुंबांना रात्री-पहाटे उठवून, हाताला लागेल ते घ्यायला सांगून, मालगाडीच्या डब्यांत भरून सायबेरिया, अर्खांगेल्स्कची जंगलं आणि कझाकस्तानकडे पाठवायला सुरुवात झाली. जंगलात लाकूडतोड, नाहीतर सामुदायिक शेतावर मजुरी. पाव मोजून मिळायचा, आणि काम होईल तसा मिळायचा.

जून १९४१ मध्ये हिटलरने रशियावरच चाल केली. मग रशिया आणि लंडनमधलं निर्वासित पोलिश सरकार यांच्यात ३० जुलै १९४१ ला करार झाला आणि या लोकांना ‘माफी’ मिळाली. शब्द बघा. गुन्हा काय होता, ते कुणी सांगितलं नाही, पण माफी मिळाली. त्यातले एक लाखाहून जास्त लोक १९४२ मध्ये जनरल अँडर्सच्या पोलिश फौजेबरोबर इराणला पोचले. त्यात हजारो बायका-मुलं होती. तिथून काहींना भारतात आणलं. जामनगरच्या महाराजांनी बालाचडीला मुलांना आसरा दिला ती गोष्ट तुम्ही ऐकली असेल. मोठा कॅम्प मात्र आपल्याकडे, कोल्हापूर संस्थानात वळिवडेला झाला, १९४३ मध्ये. तो १९४८ पर्यंत चालला. छातीच्या आजाराच्या आणि अशक्त मुलांना हवापालटासाठी पाचगणीला पाठवायचे.

मी मिरजेचा. रेल्वेने कोल्हापूरला जायचं तर तेव्हाही मिरजेशिवाय वाट नव्हती, आजही नाही. म्हणजे गाडीने वळिवडेला जाणारं प्रत्येक पोलिश पोरगं आमच्या मिरज स्टेशनवरून गेलं असणार. मी त्याच स्टेशनवर आयुष्यभर चहा पितोय आणि मला हे माहीत नव्हतं.

पोलिश लोक गेल्यावर त्याच बराकींत फाळणीत घर सुटलेले सिंधी लोक आले. गांधीनगर झालं ते असं. एकामागून एक दोन उजाड माणसांनी वापरलेली जागा, आणि आपण तिथे शालू बघतो.

ही झाली दुरुस्ती. बाई, मनापासून आभार.

लिहिणारा भावना नाही, भाकरी लिहितो

आता मुद्द्याकडे. छळछावणीवरचं पुस्तक म्हटलं की आपल्याला वाटतं, पानोपानी अश्रू असणार. मीही त्याच तयारीने वाचायला बसलो, आणि हाताला भलतंच लागलं.

पहिलं उदाहरण या पोलिश मुलांचंच. रशियातून सुटून आलेल्या मुलांसाठी मध्यपूर्वेत पोलिश शाळा निघाल्या. त्या शाळांत त्यांच्याकडून निबंध लिहून घेतले गेले. विषय साधारण असा, की घर सोडल्यापासून काय झालं. त्यातले शंभरावर निबंध पुढे अमेरिकेत जपून राहिले आणि १९८१ मध्ये इंग्रजीत पुस्तकरूपाने आले. ‘वॉर थ्रू चिल्ड्रन्स आइज’ हे ते पुस्तक. दहा-बारा वर्षांची, चौदा-पंधरा वर्षांची पोरं. ती ‘मला फार दुःख झालं’ असं क्वचितच लिहितात. दार किती वाजता ठोठावलं, आवरायला किती वेळ दिला, डब्यात किती माणसं होती, पाव किती मिळायचा, आणि घरातलं कोण कधी गेलं. आई मेली हे वाक्य आणि पाव कमी झाला हे वाक्य, दोन्ही सारख्याच आवाजात. वाचताना आपलाच घसा दाटतो, त्यांचा आवाज कापत नाही.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवायची. हे निबंध मुलांनी आपणहून लिहिले नव्हते. सोव्हिएत रशियात काय घडलं याचा पुरावा पोलिश फौजेला गोळा करायचा होता. म्हणजे विचारणाऱ्याचा हेतू होता. त्याने साक्ष खोटी ठरत नाही. पण कुणी विचारलं, कशासाठी विचारलं, हे साक्षीबरोबर वाचायचं असतं.

दुसरं उदाहरण प्रीमो लेवी यांचं. इटलीतले ज्यू, शिक्षणाने केमिस्ट. १९४४ च्या फेब्रुवारीत ऑशवित्झला नेलं, जानेवारी १९४५ ला सुटका. हातावर नंबर गोंदलेला, १७४५१७. परत आल्यावर रंगाच्या कारखान्यात नोकरी धरली आणि पुस्तक लिहिलं. त्यांनी नंतर सांगितलं, की लिहिताना समोर नमुना होता तो कारखान्यात दर आठवड्याला द्यायच्या रिपोर्टचा. नेमकं, थोडक्यात, सगळ्यांना कळेल असं.

हे वाचून मी ताडकन उठून बसलो, कारण हे मला समजतं. आमच्याकडे रात्री दोनला सर्व्हर पडतो, आणि सकाळी रिपोर्ट लिहायचा असतो. काय झालं, किती वाजता, कशानंतर काय. त्यात रडायचं नसतं, शिव्या द्यायच्या नसतात. कारण तुम्ही चिडलेले दिसलात की वाचणारा तुमच्या चिडण्याकडे बघतो, बिघाडाकडे बघत नाही. माझ्या सर्व्हरची आणि ऑशवित्झची तुलना करत नाहीये, तेवढी अक्कल आहे. पण त्यांनी तो आवाज का निवडला, ते कळलं. लेवींचं म्हणणं असं, की मी साक्षीदार आहे, निवाडा वाचणाऱ्याने करायचा. साक्षीदार शांत असला की त्याच्यावर विश्वास बसतो.

तिसरं उदाहरण मला सगळ्यात जास्त लागलं. चेकोस्लोव्हाकियात तेरेझिन नावाची नाझींची वस्ती-कम-छावणी होती. तिथे उपाशी बायकांनी पाककृती लिहून काढल्या. केक, भरलेल्या डंपलिंग, गोडधोड. हाताला येईल त्या कागदावर, आठवणीतून. मिना पेख्टर नावाच्या बाई १९४४ मध्ये तिथेच वारल्या. त्यांनी ती वही एकाकडे सोपवून, माझ्या मुलीला पोचव, असं सांगितलं होतं. मुलीपर्यंत ती पोचली पंचवीस एक वर्षांनी, न्यूयॉर्कला. १९९६ मध्ये ती छापली गेली. त्या वहीत छळाचं एक वाक्य नाही. नुसत्या पाककृती. आणि तरी ती छावणीबद्दलचीच वही आहे. आपल्या आज्या उपासाच्या दिवशी दिवसभर खाण्याच्याच गप्पा मारतात की नाही? ते आठवा, आणि मग तो उपास कधी सुटणारच नाही अशी कल्पना करा.

उशीर

या सगळ्या लिहिण्यात दुसरी गोष्ट दिसते, ती म्हणजे उशीर.

लेवींचं पुस्तक मोठ्या प्रकाशकाने नाकारलं. १९४७ मध्ये एका छोट्या प्रकाशकाने अडीच हजार प्रती काढल्या. ज्याने नाकारलं होतं, त्याच प्रकाशकाने ते १९५८ मध्ये परत छापलं, आणि मग जगाने वाचलं. शार्लोट देल्बो या फ्रेंच लेखिका. त्यांच्याबरोबर २३० बायकांना ऑशवित्झला नेलं होतं, परतल्या ४९. त्यांनी पहिलं पुस्तक १९४६ मध्ये लिहिलं आणि छापलं १९६५ मध्ये. एकोणीस वर्षं हस्तलिखित तसंच ठेवलं.

आणि आपल्या वळिवडेच्या मुलांचं? त्यांच्यापुढे वेगळीच अडचण. युद्ध संपल्यावर त्यांचं गावच रशियात गेलं. पोलंडची सरहद्द पश्चिमेला सरकली. परत जायचं कुठे? बहुतेक जण इंग्लंड, कॅनडा, ऑस्ट्रेलिया असे पांगले. आणि कम्युनिस्ट पोलंडमध्ये रशियाच्या छावण्यांबद्दल उघड छापायची सोय नव्हती. गुस्ताव हर्लिंग हे पोलिश लेखक सोव्हिएत छावणीत होते, तिथून सुटून अँडर्सच्या फौजेत गेले. त्यांचं ‘अ वर्ल्ड अपार्ट’ १९५१ मध्ये लंडनला इंग्रजीत निघालं. त्यांच्या स्वतःच्या देशात ते उघडपणे छापायला चाळीसेक वर्षं जावी लागली.

म्हणून छळ करणारा बरोबर सांगायचा. हिटलरच्या छावण्यांबद्दल निदान न्यूरेंबर्गला खटला तरी झाला. स्टॅलिनच्या छावण्यांबद्दल कोर्ट भरलं नाही. या माणसांना पन्नास वर्षं स्वतःच्या देशात बोलता आलं नाही, आणि शेवटी माझ्यासारखा कुणीतरी मोबाईलवरून सांगतो, की ते हिटलरकडून आले होते. म्हणजे त्यांची जी एकच गोष्ट होती, तीही मी काढून घेतली. बाईंची तिसरी ओळ मला इथे कळली.

भारतात राहिलेल्या या लोकांनी लंडनमध्ये आपली संघटना काढली आणि आठवणी व कागदपत्रं गोळा करून जाडजूड पुस्तक केलं. पोलिशमध्ये २००० साली, इंग्रजीत २००९ मध्ये. त्यात वळिवडेचा काळ उजळ दिसतो. शाळा, स्काउट, नाटकं, चर्च, दवाखाना. काही जण याला ‘छोटा पोलंड’ म्हणतात. पण हिशेब करून बघा. १९४३ मध्ये जी बाई तिशीत होती, ती २००० साली नव्वदीच्या घरात. म्हणजे या आठवणी लिहिल्या आहेत त्या तेव्हाच्या मुलांनी. नवरा कुठे आहे याची खबर नाही, एक मूल वाटेतल्या स्टेशनवर पुरून आलेली, अशी एखादी आई त्या बराकीत रात्री काय विचार करत होती, ते फारसं कुणी लिहिलं नाही. कोल्हापूरच्या महावीर गार्डनमध्ये स्तंभ आहे, वॉर्सात कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे, ऑगस्ट २०२४ मध्ये आपल्या पंतप्रधानांनी तिथे अभिवादन केलं. सगळं चांगलं आहे. पण स्मारकावर आईची रात्र येत नाही.

आपल्याकडचं लिखाण वेगळं का वाटतं

एका मित्राने विचारलं, आपल्याकडेही तुरुंगातलं लिखाण आहे की. आहे, आणि मोठं आहे. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ नाशिकच्या तुरुंगात लिहिली, १९३३ मध्ये, चार-पाच दिवसांत. यशवंतराव चव्हाणांचं ‘कृष्णाकाठ’ वाचा. १९३२ मध्ये झेंडा लावला म्हणून शिक्षा झाली आणि येरवड्याचा कॅम्प जेल त्यांना जणू कॉलेजच वाटला. वळिवडेचा कॅम्प सुरू झाला त्याच साली, २४ जुलै १९४३ ला, वसंतदादा आणि त्यांच्या साथीदारांनी सांगलीचा तुरुंग फोडला.

मला फरक वाटतो तो असा. तुरुंगात जाणाऱ्याला माहीत असतं, आपण काय केलं. आरोप असतो, शिक्षेची तारीख असते, बाहेर गाव वाट बघत असतं. त्यामुळे तो भुकेबद्दल थोडं आणि विचारांबद्दल जास्त लिहितो. छावणीतल्या माणसाने काही केलेलंच नसतं. तो कुठल्या घरात जन्मला, एवढंच. सुटकेची तारीख नसते. त्याला ‘कशासाठी’ याचं उत्तर नाही, म्हणून तो ‘कसं’ लिहितो. पाव कसा वाटायचे, चमचा कसा मिळवला, बुटांची जोडी कशी सांभाळली.

कागदावरचा शिक्का किती आंधळा असतो, त्याचं उदाहरण साताऱ्यातच आहे. युद्धाच्या काळात ब्रिटिशांनी भारतातल्या जर्मन नागरिकांना स्थानबद्ध केलं. साताऱ्यात आणि पुरंदरवर अशा जर्मन कुटुंबांच्या छावण्या होत्या. तिथे हाल नव्हते, कुटुंबं एकत्र राहायची. पण हिटलरच्या भीतीने भारतात पळून आलेले ज्यूही कागदोपत्री जर्मनच. तेही ‘शत्रूराष्ट्राचे नागरिक’ म्हणून पकडले गेले. ज्याच्यापासून पळालो, त्याच्याच नावाने आत.

लेवींचं स्वप्न, आणि माझी आजी

लेवींनी छावणीत वारंवार पडणाऱ्या एका स्वप्नाबद्दल लिहिलंय. ते घरी परतलेत. बहीण आहे, ओळखीचे लोक आहेत. ते सांगायला लागतात, भूक, उवा, मार. आणि कुणी ऐकतच नाही. लोक आपापसात दुसरंच बोलतात. बहीण एकदा बघते आणि उठून निघून जाते. पुढे त्यांना कळलं, की हेच स्वप्न बरोबरच्या कैद्यांनाही पडायचं.

हे मी वाचलं आणि मला आजी आठवली. माझं आजोळ माण तालुक्यात. आजी आता पंच्याहत्तरीच्या पुढे. १९७२ च्या दुष्काळात ती विशी ओलांडलेली होती. लहानपणी मी विचारायचो, “आजी, दुष्काळात काय झालं?” तर ठरलेलं उत्तर, “काय व्हायचंय? खडी फोडली, सुकडी खाल्ली, जगलो.” आणि मी कार्टून लावायचो. उठून जाणारी बहीण मीच होतो.

परत सांगतो, दुष्काळ म्हणजे छळछावणी नव्हे. रोजगाराची कामं सरकारने माणसं जगवायला काढली होती. तुलना नाहीये. शिकलो ते फक्त विचारायचं कसं.

गेल्या महिन्यात गेलो तेव्हा प्रश्न बदलला. म्हटलं, “आजी, सकाळी कामावर जाताना बरोबर काय न्यायचीस?” आणि आजी चाळीस मिनिटं बोलली. मिलोची लाल भाकरी थापताना तुटायची, ती कशी जोडायची. खडीचा ढीग मुकादम कसा मोजायचा, आणि आतून पोकळ ढीग रचायची युक्ती कुणाला जमायची. पोरांना बाभळीला झोळी बांधून ठेवायचे. मग म्हणाली, “तुझ्या आईच्या आदी एक पोरगा हुता. त्या झोळीत असायचा. पावसाळ्याआदी गेला.”

मी सत्तावीस वर्षांचा आहे. मला एक मामा होता, हे मला माहीत नव्हतं. माझ्या आईलाही अर्धवटच माहीत होतं. आजीने त्याचं नाव सांगितलं, ते मी इथे सांगत नाही. मी विचारलं, “हे पॉडकास्टमध्ये सांगू का?” म्हणाली, “सांग. पण माजा आवाज नगं लावूस.” म्हणून तुम्ही माझाच आवाज ऐकताय.

तिनेही रडून सांगितलं नाही. भाकरी, ढीग, झोळी, आणि मग तो. त्या पोलिश मुलांच्या निबंधांसारखंच. याआधी मी तिला ‘काय वाटलं’ विचारत होतो, आणि त्याला तिच्याकडे उत्तर नव्हतं. ‘काय न्यायचीस’ याला होतं.

तर, तीन गोष्टी

मंडळी, १९७२ आठवणारी माणसं आता सत्तरीच्या आसपास किंवा पुढे आहेत. कोयनेच्या धरणात गाव गेलेली, १९६७ चा भूकंप पाहिलेली, त्याहून थकलेली. तुमच्या खिशात रेकॉर्डर आहे. या दिवाळीत घरी जाल तेव्हा एवढं करा.

एक. ‘कसं वाटलं’ विचारू नका. काय खाल्लं, काय नेलं, किती वाजता, कोण बरोबर होतं, हे विचारा. मग गप्प बसा. मधली शांतता भरायला जाऊ नका.

दोन. तारीख आणि ठिकाण बोलून रेकॉर्डमध्ये घाला. कोण बोलतंय, कोण विचारतंय, तेही. आणि दोन ठिकाणी कॉपी ठेवा. फोन हरवला की मिना पेख्टरची वहीही हरवली असं समजा.

तीन. ते पुढे पाठवायचं की नाही, हे ज्याने सांगितलं त्याने ठरवायचं. स्टेटसला लावायची घाई नको. आणि दुसऱ्याच्या दुःखाबद्दल सांगत असाल, तर आधी तपासा. मी तपासलं नव्हतं.

जुना भाग मी काढून टाकलेला नाही. त्याच्या सुरुवातीला दुरुस्ती जोडली आहे आणि खाली या भागाची लिंक दिली आहे. चूक दिसलेली बरी.

पुढच्या वेळी गांधीनगरला बस्त्याला गेलात, तर घरच्या कुणाला तरी हे सांगा. आणि बरोबर सांगा.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.